न उघडणाऱ्या खिडक्यांमागची वास्तुशांत

मंडळी, डोळे अजून चुरचुरताहेत, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

आज राजारामपुरीतल्या माझ्या नव्या ऑफिसची वास्तुशांत होती. इमारत सगळी काचेची, बिल्डरनं "पर्यावरणपूरक" म्हणून विकलेली. खिडक्या कायमच्या बंद, म्हणजे एसीचा गारवा बाहेर जात नाही आणि वीज वाचते म्हणे!

गुरुजींनी मुहूर्त काढला, पण लोडशेडिंगची वेळ कुणी बघितलीच नाही. होम पेटला आणि लाइट गेली. खोलीत धूर मावेना. दार उघडलं, तर बाहेरचा पॅसेजही काचबंद. बायको पदर तोंडाला लावून खोकत होती.

मी ओरडलो, "अहो, खिडकी उघडा की!"

बिल्डर म्हणाला, "पावणं, ती उघडत न्हाय. डिझाइनच तसं हाय."

मी उठायला लागलो, तर गुरुजींनी हात धरून बसवलं. "यजमानांनी पूर्णाहुतीआधी उठायचं नाही." पाहुणे एकेक करून सटकले, बिल्डरही. आम्ही मात्र काचेपलीकडं हलणारा कडुनिंब बघत रडत बसलो.

सगळं उरकल्यावर धावतच खाली आलो. त्याच कडुनिंबाखाली सगळे वारा खात उभे होते.

"हितं लई गार वाटतंय की," बिल्डर घाम पुसत म्हणाला. "आता काळजी करू नगा. पुढच्या आठवड्यात हे झाड काढून हितंच जनरेटर बसवतोय."

उद्यापासून मला रोज त्याच काचेमागं बसायचंय. जनरेटर बंद पडला, तर आम्ही पळायचं कुठं, सांगा?