बिनहाताची पेटी

धंतोलीच्या दवाखान्यात त्या दुपारी मी माझ्या थोरल्या भावाच्या, वसंतदादाच्या खाटेजवळ बसले, तेव्हा त्याचे दोन्ही हात चादरीवर शांत पडले होते. गेली कित्येक वर्षं जागेपणी ते हात कधी स्थिर नसायचे. त्या दुपारी तो जागा होता, माझ्याकडे बघत होता, आणि बोटसुद्धा हलत नव्हतं. त्याची सून माधुरी खुशीत म्हणाली, "बघा आत्या, औषध लागू पडून राहिलं." मला मात्र ते लक्षण बरं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हुडकेश्वरच्या घरून तिचाच फोन आला. बोलण्याआधीच तिला रडू फुटलं, त्यामुळे पुढचं ऐकावं लागलं नाही.

ओवी, तन्मय, तुम्हा नातवंडांना दादाआजोबा माहीत आहेत ते व्हिडिओ कॉलवर नुसती मान हलवणारे. ते कोण होते हे क्रमाने सांगते. क्रम लावला की मलाही जरा धीर येतो.

आमचे बाबा हातमागावर लुगडी विणायचे. दादालाही मागावर बसवायचा त्यांचा विचार होता, पण तो जाऊन बसला सीताबर्डीवरच्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात. तिथे रद्दीत आलेल्या एका विलायती मासिकात त्याला एका वाद्याचा आराखडा सापडला. मी तेव्हा कॉलेजात इंग्रजी शिकत होते. मी वाचून मराठीत सांगायची आणि तो डाग देऊन तारा जोडायचा. जुन्या रेडिओतले काचेच्या दिव्यांसारखे व्हॉल्व्ह, तांब्याची तार, लाकडी खोकं, वर एक उभा दांडा आणि बाजूला एक कडं. हे वाद्य हात न लावता वाजतं. उजवा हात दांड्याजवळ नेला की सूर चढतो, लांब नेला की उतरतो. डावा हात कड्याजवळ आणला की आवाज दबतो. परदेशात त्याला काही नाव आहे. आमच्या घरात ती बिनहाताची पेटी. ती पहिल्यांदा वाजली तेव्हा आईने तव्यावरची भाकर तशीच सोडली. "वसंता, बंद कर ते. घरात कोणी बाई रडून राहिली असं वाटते."

"रडत नाही माय, गळा तापवून राहिली," दादा म्हणाला.

मला त्या आवाजाची भीती वाटायची, आणि ती कधी पूर्ण गेली नाही. पेटीत विजेचा दाब मोठा असायचा. एकदा उघड्या तारेला बोट लागून दादा भिंतीवर आदळला होता. पण खरी भीती त्याहून वेगळी होती. त्या पेटीला वाजवणारा आणि शेजारून जाणारा यातला फरक कळत नसे. जवळपास कोणतंही शरीर हललं की सूर घसरायचा. म्हणून घरात नियम झाला. दादा "थांबा" म्हणाला की जो जिथे असेल त्याने तिथेच थांबायचं. आई लाटणं धरून, बाबा कापडातून आडवा धागा नेणारा धोटा हातात धरून, मी वेणीचा अर्धा पेड धरून. मला बघायला आलेली मंडळीही एकदा दारात अशीच उभी राहिली, चपला अर्ध्या काढलेल्या. नंतर तुमच्या पणजीने, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, हळूच विचारलं होतं, "घरात काही आजार तर नाही ना?"

दादाचा पहिला कार्यक्रम गणपतीच्या मांडवात झाला. अभंग छान रंगला होता आणि एक काकू आरतीचं ताट घेऊन लगबगीने पेटीजवळून गेल्या. सूर असा काही किंचाळला की पुढची पोरं आयांच्या मागे लपली. दादाने तसाच तो सूर खाली आणून समेवर ठेवला. पुढे अमरावती, यवतमाळ, वर्धा... ऑर्केस्ट्रावाले त्याला बोलवायचे, नाटकवाले भुताच्या प्रवेशासाठी न्यायचे. मी जमेल तेव्हा सोबत जायची. तो मंचावर उभा राहायचा, हवेत बोटं उचलायचा आणि काहीच न धरता नेमका सूर पकडायचा. बोट टेकायला हार्मोनियमसारखी पट्टी नाही, सतारीसारखा पडदा नाही. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता पडेल.

मधल्या काळात बाबांनी माग सोडला. डोळे गेले, असं ते सगळ्यांना सांगायचे. पण त्यांच्या हातातला कप बशीवर वाजायचा ते मी ऐकलं होतं. धोटा वाकडा जायचा, धागे तुटायचे. शेवटचं लुगडं अर्धंच राहिलं. आई म्हणायची, "डोळ्याईचंच आहे वं," आणि विषय संपवायची.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी एका कार्यक्रमात दादाने एक लांब सूर धरला आणि तो सूर हलायला लागला. बारीक, एकसारखा. माझ्या शेजारचे गृहस्थ मान डोलवत म्हणाले, "काय आंदोलन आहे सुराचं, वा." टाळ्या पडल्या. ती लय मला ओळखीची होती; ती कपबशीची लय होती. दादाचा हात लांबून तर अगदी सरळ दिसत होता. डोळ्यांना दिसायच्या आधी पेटीला कळलं होतं.

पडद्यामागे तो तार गुंडाळत बसला होता. "लोकायले वाटलं मी मुद्दाम करून राहिलो," तो हसत म्हणाला. मग वर न बघता, "तुले समजलं ना वं, कुसुम?"

"हो."

"मंग तोंड काहून पाडून राहिली? पेटी खोटं बोलत नाही, एवढंच."

त्यानंतर मंचावर तो फार थोडा काळ राहिला. पण रोज सकाळी पेटी लावून एक सूर धरायचा, आज हात किती हलतो ते ऐकायला. मी कधी गेले तर म्हणायचा, "ऐक बरं, कालच्यापेक्षा बरा आहे ना?" मी ऐकायची. तो बरा कधीच नसायचा. शेवटी त्याने बाबांच्या अर्ध्या लुगड्याने पेटी झाकली आणि तो विषयही संपला.

दादा गेल्यावर माधुरीने ती पेटी माझ्याकडे रामदासपेठेत आणून दिली. सुरू कशी करायची हे आता मलाच ठाऊक आहे, म्हणून. तुम्ही दोघं दर रविवारी म्हणता, आजी, वाजवून दाखव ना. मी टाळत आले. विजेची भीती वाटते, असं सांगितलं तुम्हाला. पण हल्ली सुईत दोरा ओवायला मला वेळ लागतो, आणि मीही सगळ्यांना सांगते, डोळे कमजोर झालेत.

परवा सकाळी लुगडं काढलं. बटण दाबलं. व्हॉल्व्ह हळूहळू तांबडे झाले आणि पेटी खालच्या सुरात गुणगुणायला लागली. मी दादासारखी ताठ उभी राहिले, उजवा हात उचलला. सूर चढला... आणि हलला. पंख्यामुळे पडदा उडत होता; पंखा बंद केला, पडदा बांधून टाकला. पुन्हा हात उचलला. तेवढ्यात आमच्याकडे काम करणारी सुनंदा ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून आली. "काकू, काय वाजवून राहिल्या?"

"थांब," मी म्हटलं.

ती दारातच थांबली, हातातलं फडकं तसंच धरून. पंखा थांबलेला, पडदा थांबलेला, सुनंदा थांबलेली. घरात काहीही हलत नव्हतं, आणि सूर हलत होता.

मी हात खाली घेतला नाही.