पॅकेजमधले ओठ

सुखदाच्या लग्नाच्या पॅकेजमध्ये आईचे ओठ फुकट होते. गुडगावच्या क्लिनिकमधली मुलगी म्हणाली, "मैम, दुल्हन की मदर का लिप फिलर बिल्कुल फ्री है," आणि कल्पनाने मान हलवली. एक तर फुकटचं सोडायचं नाही ही जुनी सवय. दुसरं म्हणजे, नाही म्हणायला जोर लागतो. तिचा नवरा विश्वास वारल्यापासून तो जोर तिच्यात उरला नव्हता. दुधी करू की दोडका, विचारलं तरी ती म्हणायची, "काहीही."

सुया टोचल्या, ओठ भरले. तिने आरशात पाहिलं. वाईट वाटलं नाही, बरंही वाटलं नाही. सुखदा मात्र हरखली. "आई, कसली यंग दिसतेयस यार!"

घोळ झाला तो मंगलाष्टकापाशी.

नव्वदच्या दशकात नव्या कंपन्या आल्या, तेव्हा विश्वास पुण्याहून फरीदाबादला आला. बाल्कनीसमोर मोहरीची शेतं होती. त्यांतून एकेक टॉवर उगवत गेला, आणि त्याच बाल्कनीत टॉवेल गुंडाळून उभा राहून तो लेकीच्या लग्नाचं मंगलाष्टक रचायचा. लेक तेव्हा तिसरीत. कागदावर त्याने ते कधी उतरवलं नाही. "लिहिलं की संपलं, कल्पे. मग बदलता येत नाही." शेवटच्या ओळीत त्याने फरीदाबाद कोंबलं होतं; एक अक्षर वृत्ताबाहेर लोंबायचं. आता ते सगळं पाठ होतं फक्त कल्पनाला.

कुकर लावता लावता तिने म्हणून पाहिलं. "बाबांच्या मनिची परी निघतसे..." ओठ नीट मिटेचनात. ब, म, प, सगळे उशीखालून आल्यासारखे.

"हे काढून टाकायचंय," तिने सुखदाला सांगितलं.

"आत्ता? लग्न तोंडावर आलंय! गुरुजी म्हणतात की मंगलाष्टकं."

"बाबांचं त्यांना येत नाही."

सुखदाने कुकरखालचा गॅस बारीक केला. मग म्हणाली, "तुझ्यासाठी निवडलं होतं मी ते पॅकेज. तू कशाकडेच बघत नाहीस. म्हटलं, आरशात तरी बघशील."

"बघितलं की."

क्लिनिकमधल्या डॉक्टरीणबाई नागपूरच्या निघाल्या. "मधमाशी कधी चावली आहे का, काकू?"

"अं?"

"विचारावं लागतं. फिलर विरघळवायचं जे औषध आहे ना, तसलंच मधमाशीच्या विषात असतं. काहींना त्रास होतो."

"चावली होती. आजोळी."

"मग?"

"मग काय, आईने चुना लावला."

डॉक्टरीणबाई हसल्या. आधी हातावर थेंबभर टोचून त्यांनी वाट पाहिली. काही उठलं नाही. "ओठ पूर्वीपेक्षा बारीक वाटतील कदाचित. सुरकुततील. चालेल?"

"मिटले म्हणजे झालं."

"बधिर करायचं क्रीम लावते."

"लावा न लावा, सारखंच."

त्यांनी लावलं. सुई ओठात शिरली तेव्हा सुखदाने आईचा हात आवळून स्वतःच डोळे मिटले. "दुखतंय?"

"नाही."

लग्न लागताना वधूच्या आईने बघायचं नसतं, म्हणून प्रभामामीने नणंदेला हॉलमागे तुळशीच्या कुंडीपाशी बसवलं. माइकची वायर तिथवर ओढून आणली. समोर तुळस, तिच्यापलीकडे केटररचे गॅस सिलिंडर. कल्पनाने तुळशीला पाणी घातलं आणि सुरू केलं. ओठ सुरकुतले होते, एक कोपरा काळानिळा होता. पण बाबा आले, मन आलं, परी आली, सगळे आपापल्या जागी मिटून सुटले. शेवटच्या ओळीत फरीदाबादला नेहमीसारखी ठेच लागली. हॉलमधून हशा ऐकू आला, आणि मागोमाग कुणीतरी मोठ्याने नाक शिंकरलं.

"वन्सं," प्रभामामी पदराने डोळे टिपत म्हणाली, "तुम्हाला कसं हो रडू येत नाही?"

"नाही आलं खरं."

हार पडले तशी सुखदा मुंडावळ्या सावरत मागच्या दाराने धावत आली. क्षणभर ती आईच्या तोंडाकडेच बघत राहिली.

"ते फरीदाबाद तरी दुरुस्त करायचंस."

"त्यांचं अक्षर आहे ते. मी कशाला कापू?"

सुखदाने अंगठ्याने तो काळानिळा कोपरा दाबून पाहिला. "दुखतंय?"

कल्पनाने जरा थांबून अंदाज घेतला.

"हो गं," ती म्हणाली. "हळू."