पाणी पिऊन पाहिलेला जिल्हा

आमच्या चौथीपर्यंतच्या शाळेला एकच शिक्षक होते, आणि साऱ्या मराठवाड्याच्या वाटणीची काळजी त्या एका माणसाच्या अंगावर पडली होती, असं माझं ठाम मत आहे. घंटा जोरात वाजवली तर तडकेल म्हणून सर ती हळूच वाजवत. मग ती कुणाला ऐकूच गेली नसेल या धास्तीनं घरोघर बोलवायला येत. शाळेला कुलूप लावून निघाले की वेशीपाशी थबकत आणि कुलूप नीट लागलं का ते बघायला परत जात. एकदा पाटीवर माझी पेन्सिल करकरली, तर म्हणाले, "हळू गं माय, दात दुखतील तुझे." पाऊस नसलेल्या वर्षातही त्यांची छत्री सुटली नाही. कोरड्याठाक आभाळाकडे ते संशयानं बघत आणि "ह्याचा काय भरवसा?" म्हणत. आम्ही त्यांची नक्कल करायचो, पण सर आसपास नाहीत ना याची चारही बाजूंनी खात्री करून. म्हणजे थोडेफार त्यांच्यासारखेच झालो होतो.

तशाच एका दुष्काळी वर्षात आमचा जिल्हा बदलला. उदगीर आणि भोवतालची आमची गावं उस्मानाबादेतून निघून नव्या लातूर जिल्ह्यात गेली. तिसरीला आपल्या जिल्ह्याचा भूगोल असतो. तो मात्र जुन्याच जिल्ह्याचा होता, नवं पुस्तक अजून यायचं होतं. सरांची झोप उडाली. जुनं शिकवावं तर खोटं, नवं शिकवावं तर पुस्तक नाही. शेवटी त्यांनी ठरवलं, जिल्हा आपणच बघून यायचा. एसटीत बसलं की ब्रेक निकामी होणार, अशी ज्यांची खात्री, ते सर रविवारमागून रविवार समोरचा दांडा घट्ट धरून, डोळे मिटून औसा, निलंगा, अहमदपूर हिंडून आले. जातील तिथं घोटभर पाणी मागून पीत आणि सोमवारी एकाच खोलीत बसणाऱ्या आम्हा चारी वर्गांना चवीसकट भूगोल सांगत. "अहमदपुरात मला मिळालं ते पाणी मचूळ हाय. औशात एका म्हातारीनं घागरीच्या तळाला होतं त्यातलं निम्मं मला दिलं. लिवा, औशाची माणसं दिलदार." मांजरेच्या पात्रातून ते चालत पलीकडे गेले होते. तिथली वाळू रुमालात बांधून आणून त्यांनी प्रत्येकाच्या हातावर ठेवली.

मग शिक्षण खात्याच्या साहेबांची तपासणी ठरली. साहेबांच्या मनात आलं तर आमच्या शाळेला पाचवीचा वर्ग मिळणार होता. मी चौथीत होते. पाचवी गावात आली नाही तर माझी शाळा बंद, हे वडिलांनी सांगूनच टाकलं होतं. पोरीला उदगीरला धाडायचं नाव काढायची सोय नव्हती. त्या आठवड्यात सरांना आणि मला, दोघांनाही धड जेवण गेलं नाही.

साहेबांनी नेमकं मलाच उठवलं. "मांजरा नदी कुठून कुठं वाहते?"

"यंदा वाहत न्हाई, साहेब. आमचे सर तिच्यातून चालत गेले."

"बरं. जिल्ह्यातली मुख्य पिकं सांग."

"यंदा काईच न्हाई."

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. सरांच्या हातातला खडू मोडला. साहेबांपुढे कधी मान वर न करणारा तो माणूस छत्री घेऊन पुढं आला. "तिचं चुकलं न्हाई, साहेब. पुस्तक न्हाई म्हणून मी बघून आलो, अन् दिसलं ते शिकवलं. चूक असंल तर माझी लिवा." त्यांचा आवाज इतका कापत होता की मला रडू फुटलं. साहेबांनी माझ्या पाठीवर थोपटलं आणि ते निघून गेले.

पाचवी आली नाही. पट कमी पडला म्हणे. निम्मं गाव बायकापोरांसकट रस्त्याच्या कामावर गेलेलं, पट भरणार कुठून?

सर आमच्या घरी आले आणि मला उदगीरच्या शाळेत घाला म्हणाले. वडील म्हणाले, "एकटी पोर यष्टीनं धाडायची? वाटंत काई कमीजास्त झालं म्हंजी?"

"हाव," सर म्हणाले. "टायर फुटू शकतं. गाडी चुकू शकती. फाट्यावर कुत्री बी लई हायत." आता आपलं शिक्षण यांच्याच तोंडून संपलं, असं मला वाटलं. तेवढ्यात ते म्हणाले, "ह्याची समदी काळजी मी करतो की. मला सवय हाय. तुमी निस्तं तिला पाठवा."

वडिलांनी मला पाठवलं, आणि काळजी सरांनी केली. दहावीपर्यंत रोज संध्याकाळी ते फाट्यावर उभे असत. मी उतरले की "आलीस का गं?" एवढंच विचारत आणि पुढं चालू लागत. कधी बस उशिरा आली, तर त्यांचा चेहरा बघून मलाच त्यांना धीर द्यावा लागे.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी नांदेडला नोकरी करते, कामासाठी चार जिल्हे एकटी फिरते. ही हुशार आहे, येईल आपली आपण, असं घरच्यांना वाटतं, आणि मी येतेही. पण बस उशिरा पोचली की स्टँडवर उतरून मी उगीच पदर सारखा करत रेंगाळते. "आलीस का गं?" असं कुणीच विचारत नाही.