खिडकीवरचा पत्रा

समोरच्या गच्चीवरच्या मोबाईल टॉवरने इस्त्रीवाल्याची बायको खाल्ली, अशी आमच्या गल्लीत कुजबुज होती. शिंपीणकाकू हे सांगताना आवाज इतका खाली आणायच्या, की ऐकायला शेजारची दारं आपोआप उघडायची.

इस्त्रीवाल्याला आम्ही 'कडक' म्हणायचो. त्याच्या हातचा सदरा टेबलावर आपला आपण उभा राहील असा. घरात मात्र गडी पार मऊ. बायकोने नुसतं कपाळ चोळलं तरी याचा जीव खालीवर. दोघं दुकानाच्या एकाच खोलीत राबायची. तो कोळशाची जड इस्त्री फिरवायचा, ती पाणी शिंपडून द्यायची, घड्या घालायची. कोपऱ्यातल्या शेगडीत दिवसभर निखारे.

टॉवर उभा राहिला तो नेमका थंडीत. गारठा नको म्हणून दोघांनी खिडकी लावून घेतली, आणि तिचं डोकं दुखायला लागलं. गल्लीला आयताच विषय मिळाला. टॉवरच्या लहरी मेंदू शिजवतात म्हणे. न्हाव्याने तर आपलं जुनंपुराणं टक्कलही टॉवरच्या खात्यावर टाकलं. कडकने बायकोचा फोन काढून घेतला. गुण येईना, तेव्हा खिडकीवर पत्रा ठोकला, फटींत चिंध्या कोंबल्या, वरचा झरोकाही बुजवला.

दुखणं वाढलं. उलट्या सुरू झाल्या. दुकान बंद असेल त्या दिवशी मात्र ती ठणठणीत. "टॉवरलाही आठवड्याची सुट्टी असते वाटतं," ती म्हणाली. तो हसला, आणि दुसऱ्या दिवशी पत्र्यावर आणखी एक पत्रा चढवला.

एका दुपारी ती म्हणाली, "अहो, तेवढा पत्रा काढा ना. गुदमरल्यासारखं होतंय."

"थोडं सोस. काढला की लहरी सरळ तुझ्या डोक्यात."

"लहरी तुमच्याच डोक्यात आहेत," म्हणत ती घडीकडे वळली.

तो कपडे पोचवायला निघाला. जाताना दारही घट्ट ओढून घेतलं, तिच्याच काळजीने. परतला तेव्हा ती चादरींच्या ढिगावर आडवी होती, गाल गुलाबी. बरी झोप लागली बिचारीला, असं वाटून त्याने तिच्या अंगावर पांघरूण घातलं. मग इस्त्रीला घेतलेला सदरा संपेपर्यंत तिला उठवलं नाही.

डॉक्टर आले, शेगडी पाहिली, पत्रा पाहिला आणि त्याला बाजूला घेऊन काहीतरी बोलले. तो कुणाला काही सांगेना. पत्रा तेवढा त्याने नुसत्या हातांनी उपटला, बोटं फाटली तरी. मला हे सगळं डॉक्टरांच्या कंपाउंडरने सांगितलं. असल्या गोष्टी माझ्यापर्यंत पोचतातच.

आता दुकानात विजेची इस्त्री आहे. खिडकी भर पावसातही उघडी असते. कपडे भिजले की गिऱ्हाइकं बोलतात, तो ऐकून घेतो. शिंपीणकाकू त्याच्यासमोर टॉवरला शिव्या घालतात, तेव्हा तो मान डोलावतो.

टॉवरने तिला काही केलं नव्हतं. कोंदट खोलीत जळत्या कोळशाचा विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो. ती त्या वायूने गेली. पत्रा नवऱ्याने ठोकला होता.