टिपणीसकाकांची दोन मिनिटं

मुलुंड पूर्वेला आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मधुकर टिपणीस राहतात. विमा कंपनीच्या ऑफिसातून निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षं झाली, पण काय करता विचारलंत तर सांगतील, "मी मायनिंगमध्ये आहे." खाण त्यांनी आयुष्यात पाहिलेली नाही. कोळसा पाहिलाय तो कणीस भाजणाऱ्या बाईच्या शेगडीत, आणि तिच्याशीही पाच रुपयांवरून वाद घातलाय.

त्यांच्याकडे नीलगंगा मायनिंग अँड पॉवर या कंपनीचे चार हजार शेअर होते. त्यांच्याकडे म्हणजे खरं तर उत्तराकाकूंकडे. काकू शाळेत गणित शिकवायच्या. त्या निवृत्त झाल्या तेव्हा आलेल्या पैशांतून काकांनी हे शेअर चौऱ्याऐंशी रुपयांनी घेतले. खात्यावर पहिलं नाव काकूंचं, दुसरं काकांचं, अक्कल मात्र संपूर्ण काकांची. कंपनी कुठल्याशा जंगलात खाण खणणार होती, त्या कोळशावर वीज करणार होती आणि त्या विजेने टिपणीसांचं घर उजळणार होतं. आठ वर्षांत खणला गेला तो फक्त भाव. शेअर एकोणीसवर आला.

"करेक्शन आहे," काका म्हणायचे. त्यांचा आवाज काढायचा तर नाकात थोडी हवा कोंडायची आणि प्रत्येक इंग्रजी शब्दावर पाय रोवून उभं राहायचं. "पॉवर इज फ्युचर. लाँग टर्म बघायचं असतं." हे सांगणाऱ्या माणसाचं वय एकाहत्तर.

इकडे काकूंचे दोन्ही गुडघे गेले. तीन मजले उतरायचे आणि परत चढायचे, म्हणून त्या आठवड्यातून एकदाच खाली यायच्या, कठड्याला धरून, प्रत्येक पायरीला मनातल्या मनात शिव्या देत. अखेर सोसायटीने लिफ्ट बसवायचं ठरवलं. घरटी एक लाख वीस हजार, सप्टेंबर संपायच्या आत. पैसे न भरणाऱ्याला लिफ्टचं कार्ड नाही, असं सेक्रेटरी राजाराम कांबळे यांनी नोटीस बोर्डावर लाल शाईत लिहिलं.

आणि नेमकं तेव्हाच, खाणीला परवानगी मिळतेय अशी कुणीतरी अफवा सोडली आणि शेअर एकतीसवर गेला.

काकूंनी गुणाकार तोंडी केला. "अहो, एक लाख चोवीस होतात. विकून टाका. लिफ्टचे भरून होतील."

"एकतीसला विकू? अगं उत्तरा, परमिशन आली की दोनशे. आमच्या ग्रुपवर घाटकोपरचा प्रीतम आहे, त्याची आतली खबर आहे."

"प्रीतम अजून भाड्याच्या खोलीत राहतो ना?"

"तो लाँग टर्मवाला आहे."

शेवटी तह झाला. सप्टेंबरात कंपनीची वार्षिक सभा होती. काकूंनी पाठकोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत प्रश्न लिहून दिला: 'खाणीला परवानगी मिळाली का? पहिला कोळसा कोणत्या महिन्यात निघेल?' चेअरमनने महिना सांगितला तर थांबायचं. नाही सांगितला, तर त्याच दिवशी विकायचं. काका म्हणाले, "डन."

आता वार्षिक सभा म्हणजे काय ते सांगायला हवं. पूर्वी ती हॉलमध्ये व्हायची. छोटे भागधारक इस्त्रीचे कपडे घालून जायचे, माइक पकडून चेअरमनची आरती ओवाळायचे आणि समोसा, वेफर, बर्फीचं पाकीट घेऊन घरी यायचे. आता सभा व्हिडिओवर होते, आधी नाव नोंदवायचं, बोलायला दोन मिनिटं मिळतात. पाकीट बंद झालं. पण पाकिटाशिवाय काकांना सभा वाटत नाही, म्हणून त्या दिवशी ते स्वतःच समोसा आणतात आणि काकूंकडून खोक्यात भरून घेतात. सभा संपेपर्यंत खोकं उघडायचं नाही, असा नियमही आहे.

यंदा प्रेक्षक म्हणून मला आणि कांबळेकाकांना बोलावलं होतं. आम्हालाही एकेक खोकं. काका कोट घालून लॅपटॉपसमोर, खाली घरचा लेंगा. काकू बाजूच्या खुर्चीत, हातात फोन.

आधी बोरिवलीचे एक गृहस्थ बोलले. "चेअरमनसाहब, आपका चेहरा देखा, डिव्हिडंड मिल गया." कंपनीने आजवर एक रुपयाही वाटलेला नाही. काका मान डोलावत म्हणाले, "काय बोलतो माणूस."

मग सभा चालवणाऱ्या बाईंचा आवाज आला, "नेक्स्ट स्पीकर, उत्तरा मधुकर टिपणीस." काका ताठ झाले. काकूंनी कागद पुढे सरकवला.

"रिस्पेक्टेड चेअरमन सर, रिस्पेक्टेड बोर्ड ऑफ डायरेक्टर्स, अँड माय डिअर फेलो शेअरहोल्डर्स, मुलुंडहून आपल्याला सादर नमस्कार." इथेच वीस सेकंद गेले. मग कंपनीच्या वार्षिक अहवालाचा कागद किती गुळगुळीत. मग मुखपृष्ठावरच्या सूर्याचा रंग. मग अहवाल वेळेवर पाठवल्याबद्दल कंपनीच्या सेक्रेटरी मॅडम आणि त्यांची समस्त टीम. मग चेअरमनसाहेबांचे कैलासवासी वडील, ज्यांना काकांनी एकदा लांबून पाहिलं होतं.

"अहो, प्रश्न," काकू कुजबुजल्या.

काकांनी हाताने थांब म्हटलं. "सर, आपल्या डायनॅमिक लीडरशिपखाली..."

"अहो, कागद बघा."

"...सागरात जसा दीपस्तंभ, तसे, सर, आता माझा एक छोटासा..."

आवाज गेला. काकांचे ओठ हलत राहिले. पडद्यावर त्यांच्या चौकोनात लाल माइक, त्यावर काट. आमच्या फिश टँकमधला मासा अगदी असाच दिसतो, फक्त तो कोट घालत नाही.

पुढे चेअरमन शांतपणे म्हणाले, "थँक यू, उत्तराजी, फॉर युअर काइंड वर्ड्स."

मिशीवाल्या उत्तराजींनी वळून आमच्याकडे पाहिलं. "ऐकलंत? साहेबांनी नाव घेतलं."

कांबळेकाका खोक्याकडे बघत म्हणाले, "माझंच तेवढं घ्यायचं राहिलं."

काकूंनी फोनवर शेअर विकायचं ॲप उघडलं. पहिलं नाव त्यांचं, त्यामुळे ओटीपी त्यांच्याच फोनवर येतो. चष्मा नाकावर घेऊन त्या एका बोटाने टाइप करायला लागल्या.

"काय करतेस?"

"महिना सांगितला का त्यांनी?"

"अगं, विचारायला वेळच मिळाला नाही."

"मग नाही सांगितला."

काका खुर्चीवरून अर्धवट उठले, लेंगा दिसला. दोनशे, परमिशन, प्रीतम, सगळं एका दमात म्हणून झालं. काकूंचं बोट थांबेना. तेव्हा काका एकदम हळू आवाजात म्हणाले, "एक तरी ठेव गं. एक शेअर असला तरी सभेत बोलता येतं."

काकूंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं, चौथ्यांदा नापास झालेल्या मुलाकडे बघावं तसं. मग आकडा पुसला आणि तीन हजार नऊशे नव्व्याण्णव टाकला. तीस रुपये साठ पैशांना गेले. काकांसमोर खोकं सरकवून म्हणाल्या, "घ्या. सभा संपली."

मार्चमध्ये लिफ्ट सुरू झाली. नीलगंगा बावीसवर आली, काका म्हणतात करेक्शन. काकू रोज संध्याकाळी खाली बाकावर येऊन बसतात आणि इमारतीतल्या मुलांचे पाढे घेतात. काकांचंही लिफ्टशी जमलंय, कारण आत उंच आरसा आहे. सप्टेंबरच्या सभेची तयारी ते तिथेच करतात. आम्ही दुसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या दाराला कान लावतो. वर जाताना ते फेलो शेअरहोल्डर्सपर्यंत पोचतात, खाली येताना पुन्हा रिस्पेक्टेड चेअरमन सरपासून सुरुवात करतात. प्रश्नापर्यंत पोचायला इमारत आणखी चौदा मजले तरी उंच हवी.