किनवटचा कातळ

शेजारी सुतारकाम चाललंय. सागाचा तुरट वास खिडकीतून आला आणि मी थेट किनवटच्या रानात जाऊन पोचले.

भूकंपात आमचं घर पडलं, आई गेली. मी क्लाससाठी लातूरला राहत होते म्हणून वाचले. त्यानंतर छताखाली मला झोपच लागेना. खोलीतली मैत्रीण नसरीन रोज ते बघायची. दिवाळीच्या सुट्टीत ती मला तिच्या गावी, किनवटला घेऊन गेली.

दुपारी आम्ही पैनगंगेकडे निघालो. दाट सागवान, डोंगराची सावली, आणि एक पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. अचानक पायाखालची जमीन गुरगुरली. मी किंचाळून झाडाला मिठी मारली.

"भूकंप न्हाई गं, पुढं धबधबा हाय," नसरीन म्हणाली. "ह्या कातळाला हात लावून बघ."

कातळ खरंच थरथरत होता. मी त्याला कान लावला. पाण्याच्या घुमण्यात आई माझं नाव घेत होती, अंगणातून हाक मारायची अगदी तशीच.

मी वर पाहिलं. नसरीनचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तुला कोण बोलावून राहिलंय गं?" तिनं हळूच विचारलं.

तिलाही ती हाक ऐकू आली होती.

मी त्या थरथरत्या कातळावर आडवी झाले आणि भूकंपानंतर पहिल्यांदाच गाढ झोपले. नसरीन माझा हात धरून बसून राहिली.

लोक सुट्टीत समुद्राकडे जातात, थंड हवेच्या ठिकाणी जातात. ज्यांचं माणूस असं अचानक गेलंय, त्यांना मी किनवटला जा म्हणते. एकटे मात्र जाऊ नका, हेही बजावते.