बहिरा माईक

"बहिरा आहे रे हा. परत दे."

खिशातून घराच्या चाव्यांचा जुडगा काढायचा, माईकसमोर धरून खुळखुळवायचा, दुसऱ्या हातानं हेडफोन कानावर दाबायचा, डोळे मिटून जरा वेळ ऐकायचं आणि मग हा निकाल द्यायचा. नवा माईक खोक्यातून काढल्यावर मास्तरची ही परीक्षा ठरलेली. चाव्यांचा आवाज बारीक, धारदार. तो ज्या माईकला नीट ऐकू येतो, त्याला ड्रमच्या झांजाही ऐकू येतात, असं त्याचं शास्त्र. शास्त्र खोटं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो.

त्याला सगळे मास्तर म्हणायचे. शिकवलं त्यानं कुणालाच नाही. तेवढा धीरच नव्हता त्याच्याकडे. घाटकोपरच्या डोंगरावरच्या चाळीत वाढलेला, गिरणीत राबून संपलेल्या बापाचा मुलगा, मूळचा मालवणकडचा. रागावला की "शिरा पडो तुझ्या तोंडार" हे पहिलं वाक्य. आधी ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचा, मग अंधेरीच्या एका स्टुडिओत. तिथे मी मदतनीस होतो, वायरी गुंडाळायचो. तो मला 'बटन' म्हणायचा, कारण मी दिवसभर बटनं दाबतो. मीही त्याला अरेतुरेच करायचो. मास्तर, पण अरे मास्तर.

पुढे कॉम्प्युटरमध्येच ड्रम वाजायला लागले आणि मास्तरला बोलावणं बंद झालं. माझी नोकरीही त्याच सुमारास गेली. मी मुलुंडला आमच्या तळमजल्याच्या घरात मागच्या खोलीत स्टुडिओ थाटला. स्टुडिओ म्हणजे काय, भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या. जाहिरातींचे आवाज, भजनी मंडळांची भजनं, वाढदिवसाची गाणी, जे येईल ते रेकॉर्ड करायचं.

एके दुपारी मास्तर टेम्पोतून स्वतःचा ड्रमसेट घेऊन दारात उभा. मला न विचारता.

"बटन, इतकी वर्षं वाजवलं. माझा हात कुठे आहे सांग."

"म्हणजे?"

"अरे, गाण्यांत कुठेतरी मागे असेल. पण तिथे व्हायोलिनं आहेत, कोरस आहे, तो नाकात गाणारा आहे. नुसता माझा हात कुठेच नाही. एकदा नीट पकडून ठेव. मग मी मरायला मोकळा."

हसत म्हणाला होता, पण डोळे हसत नव्हते. त्याला पैसे नको होते, नाव नको होतं. अर्धा तास आपलं एकट्याचं वाजवणं, स्वच्छ. एवढंच मागत होता माणूस.

आता प्रश्न आला माईकचा. आमच्यासारख्यांना परवडतील असे माईक निवडणं म्हणजे फाटक्या साडीतून चांगला तुकडा कापण्यासारखं असतं. बाजारात ड्रमसाठी सात माईकची पेटी मिळते. ऐटबाज, आतून स्पंज, प्रत्येकाला आपापला खड्डा. माझा जीव तिच्यावर आलेला. मास्तरनं पेटी उघडली आणि लगेच मिटली.

"सात माईक म्हणजे सात सासवा. प्रत्येकीचं वेगळं ऐकायचं. चार बस झाले. मोठ्या ढोलात एक, पुढ्यातल्या छोट्या स्नेअरवर एक. तिथे गणपतीत अध्यक्ष भाषण करतात ना, तसला चालतो. पडला, आपटला, तरी मरत नाही. पैसे घालायचे ते वरच्या दोघांवर. ते डोक्यावरून सगळं ऐकतात."

वरचे दोन माईक स्नेअरपासून सारख्या अंतरावर लागतात, नाहीतर आवाज पोकळ येतो. त्यासाठी मास्तरनं मापपट्टी आणली नाही, बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, परकराची नाडी आणली. तिचं एक टोक स्नेअरवर दाबायचं, दुसऱ्या टोकाला गाठ. गाठ आधी एका माईकला लावायची, मग दुसऱ्याला. वहिनी फोनवर ओरडायच्या, "भावोजी, माझी नाडी पाठवा हो परत!" हसून हसून पुरेवाट व्हायची.

आमच्या खोलीला लागून पिठाची चक्की. ती दिवसभर घरघरायची, त्यामुळे दुपारी चक्कीवाला जेवून आडवा झाला की आमचं सुरू. सोसायटीतल्या एका काकूंनी येऊन सांगितलं, "त्यापेक्षा चक्की बरी होती." मास्तरनं त्यांना वाकून नमस्कार केला आणि दुप्पट जोरात वाजवलं.

आणि काय वाजवायचा हो! तुम्ही कधी ड्रमवाल्याच्या इतक्या जवळ बसला नसाल. स्नेअरवर काडी नुसती घरंगळत सोडायचा आणि त्यातून कुजबुजल्यासारखा आवाज यायचा. मी म्हणायचो, झकास, हे ठेवू या. मास्तर हेडफोन लावायचा आणि त्याचा चेहरा उतरायचा.

"झांजा कुठायत? सगळं गोधडीखाली वाजवल्यासारखं येतंय. वरचे दोन्ही बहिरे निघाले."

"मला तर बरं वाटतंय."

"तुझे कान भजनी मंडळांनी खाल्ले. पूस."

बहिऱ्यानं ऐकलेलं जगाला ऐकवायचं नाही, हा त्याचा नियम. पुसल्याशिवाय चहाला हात लावायचा नाही. खुर्चीमागे उभा राहायचा, पडद्यावरून त्या आवाजाच्या रेघा जाईपर्यंत. मी पुसायचो. त्याचं वाजवणं, त्याचा शब्द. आणि खरं सांगू, कानाच्या बाबतीत त्याच्यावर अविश्वास दाखवणं आमच्या धंद्यात कुणाला सुचलंच नसतं. अंधेरीत असताना दोन खोल्यांपलीकडचा तंबोरा उतरलाय हे तो सांगायचा.

मग माईक परत. दुकानदार ओळखीचा, बिचारा सोशिक. बदलून द्यायचा, पण म्हणायचा, खराब आहे ते ऐकवा. म्हणून प्रत्येक माईकची चाव्यांची परीक्षा मी वेगळी रेकॉर्ड करून त्याला फोनवर पाठवायचो. तो उलट म्हणायचा, "साहेब, मला तर चाव्या मस्त ऐकू येतायत!" त्यावर मास्तर म्हणे, "तोपण बहिरा."

असं वर्षभर चाललं म्हणा ना. माईक आले, गेले. गाद्या काढल्या, परत लावल्या. मास्तर दर वेळी झांजांवर जास्त जोर काढायला लागला. ती कुजबुज हळूहळू गेली आणि खणखणाट उरला. मला वाटायचं चिडलाय. वहिनी एकदा म्हणाल्या होत्या, "ह्यांना कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगितलं की डाळ करपलीच समजा." मी हसलो होतो. आम्ही सगळेच हसलो होतो, मास्तरसकट.

मग एक दिवस काम आटोपून तो निघाला. बूट घालताना चाव्यांचा जुडगा खिशातून निसटला आणि त्याच्या पाठीमागे फरशीवर पडला. खण्णकन्. चक्की बंद होती. दाराबाहेर झोपलेलं मांजर दचकून पळालं. मास्तर वळला नाही. बुटाची नाडी बांधली, उठला आणि चालायला लागला.

चाव्या मी उचलल्या. सगळं एकदम कळलं मला. कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी त्याला समोर बसवून सांगितलं. गोल गोल बोलणं मला जमत नाही.

"मास्तर, माईक चांगले होते. तुझे कान गेलेत. बारीक आवाज तुला येत नाहीत."

"शिरा पडो तुझ्या तोंडार."

मी चाव्या त्याच्या हातात दिल्या. त्यानं त्या कानाजवळ नेल्या. डोळे मिटले. खुळखुळवल्या. मग आणखी जोरात. मनगट एवढं हलत होतं की चाव्या गालाला लागत होत्या.

"बटन," तो हळूच म्हणाला, "वाजतायत?"

"वाजतायत."

"खूप?"

"हो रे."

त्यानं चाव्या मांडीवर ठेवल्या. मग त्यानं जे विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं.

"मग ते सगळे माईक... त्यांना ऐकू येत होतं?"

"हो."

"आणि आपण पुसलं ते?"

सगळ्यात चांगलं, पहिल्या महिन्यातलं, त्या कुजबुजणाऱ्या काडीचं वाजवणं आम्ही त्याच्याच हुकमानं पुसून टाकलं होतं. मी नंतर पुसलेलं परत मिळवायला काय काय करून बघितलं, जाणकारांना विचारलं. कॉम्प्युटरमधल्या त्या जागेवर पुन्हा पुन्हा नवं रेकॉर्ड केलेलं. काही हाती लागलं नाही.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, झांजांशेजारी इतकी वर्षं बसलात, दुसरं काय होणार. ज्या झांजांसाठी तो भांडत होता, त्यांनीच त्याचे कान खाल्ले. कानात यंत्र बसवलं. ते लावून त्यानं एकदाच झांज वाजवली आणि म्हणाला, "पत्र्यावर खडी ओतल्यासारखी वाटते." यंत्र डबीत गेलं.

मी हट्ट सोडला नाही. म्हटलं, मास्तर, वाजव, आता वाजव, मी ऐकतो ना! नाडी लावली, चारही माईक लावले. तो बसला. काड्या उचलल्या, माझ्याकडे बघून मान हलवली, काडीवर काडी मारून चार ठोके मोजले. आणि थांबला. काड्या हवेत तशाच.

"मला जे ऐकू येत नाही ते बरं झालं की वाईट, मी कसं ठरवू?"

"मी ठरवतो."

"तुझ्या कानांवर मी आयुष्यात विश्वास नाही ठेवला रे बटन. आता या वयात काय ठेवू?"

विनोद केला होता त्यानं. काड्या स्नेअरवर आडव्या ठेवल्या आणि उठला. पुन्हा त्या स्टुलावर बसला नाही.

त्यानंतर चाळीतली खोली रिकामी करून मास्तर-वहिनी दोघं गावी गेली. फोनवर बोलणं जमेना. मी ओरडायचो, तो "हो, हो" करायचा आणि भलतंच उत्तर द्यायचा. मला राग यायचा. त्याच्यावर नाही, कुणावर ते अजून कळलेलं नाही. ड्रमसेट त्यानं नेला नाही. म्हणाला, तुझ्या खोलीत राहू दे, तिथे त्याला चक्कीची सोबत आहे.

गेल्या वर्षी तो गेला. झोपेतच. मला दोन दिवसांनी कळलं.

दिवाळीनंतर वहिनी मुलुंडला आल्या. ड्रमवर चादर होती, ती त्यांनी सरळ केली. स्टँडला नाडी तशीच लटकत होती. ती बोटाला गुंडाळली आणि सोडली. मग विचारलं, "भावोजी, ह्यांनी वाजवलेला कायतरी असात ना तुमच्याकडे? नातीला ऐकवायचं होतं."

सगळा कॉम्प्युटर धुंडाळून झालेला. मास्तरचं म्हणून माझ्याकडे एकच गोष्ट शिल्लक होती, दुकानदाराला पाठवायला रेकॉर्ड केलेल्या त्या परीक्षा. त्या पुसायला त्यानं कधी सांगितलं नव्हतं.

मी त्यातली एक लावली.

चाव्या वाजल्या. लख्ख. एकेक चावी वेगळी ऐकू येत होती, छोटी पितळेची, मोठी कुलपाची. इतका चांगला माईक होता तो.

वहिनी चटकन उठल्या आणि त्यांनी दाराकडे पाहिलं. चाळीतल्या त्या दाराबाहेर सगळा जन्म हाच आवाज आला की हा माणूस घरी यायचा. दारात कुणी नव्हतं. त्या तशाच उभ्या राहिल्या, पदर तोंडाशी धरून.

मग स्पीकरमधून मास्तरचा आवाज आला, अगदी जवळून. "बहिरा आहे रे हा. परत दे."

आवाज थांबला. वहिनी वाट बघत होत्या.

"आणि पुढे? वाजवतात ते?"

"पुढे काही नाही, वहिनी. एवढंच आहे."